बेअरिंग बदलू की गाडीच बदलू?

प्रश्न: माझी वॅगनआर 2014 ची, 92 हजार किलोमीटर झालेली. नोकरीसाठी रोज वाई-सातारा, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. पाचवडला हायवेला लागलं की पुढून घरघर येते. मेकॅनिकने पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग बदलायचे 7,800 रुपये सांगितलेत. दीर म्हणतात, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला कशाला? दीड लाखाला विका, साडेपाच लाख कर्ज काढून सात लाखांची नवी घ्या. महिन्याला माझे 13 हजार उरतात. काय करू?

उत्तर: ताई, बेअरिंग बदला आणि गाडी ठेवा. काम याच आठवड्यात करा, तोवर साताऱ्याला एसटीने जा. झिजलेल्या बेअरिंगचा आधी नुसता आवाज येतो, मग चाकाला खेळ येतो, म्हणजे ते ढिलं होऊन हलतं. तसंच चालवत राहिलं तर हबही, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भागही, खराब होतो, आणि अगदी टोकाला चाक जाम होतं किंवा निखळतं. हायवेवर हा धोका पत्करू नका.

आता दिरांचा हिशेब. साडेपाच लाख, 9 टक्के, 5 वर्षं धरली तर हप्ता सुमारे 11,400 बसतो. म्हणजे एका हप्त्यातच ही सगळी दुरुस्ती होऊन वर साडेतीन हजार उरतात. पाच वर्षांत नुसतं व्याजच 1 लाख 35 हजारांच्या घरात जातं. आणि तुमच्या 13 हजारांतले उरतात सोळाशे. घरात एखादं आजारपण निघालं तर त्यात काय भागणार? म्हणून दुरुस्तीची तुलना गाडीच्या किमतीशी करू नका, हप्त्याशी करा. कोंबडीची म्हण इथे लागूच पडत नाही, कारण ही कोंबडी अजून रोज अंडं देतेय.

मात्र 7,800 देण्याआधी आवाज बेअरिंगचाच आहे ना, हे समोर उभं राहून बघा. वेडंवाकडं झिजलेलं टायरही असंच घरघरतं. पुढची टायर मागे, मागची पुढे लावली आणि आवाजही मागे गेला, तर दोष टायरचा. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बदलतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा घरघर वाढली तर संशय डाव्या बाजूवर. मग गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवून बघायला सांगा. चाक हाताने फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद ठेवला, तर खराब बेअरिंगची खरखर बोटांना कळते. चांगलं चाक लोण्यासारखं फिरतं.

एकच बाजू खरखरत असेल तर एकच बदला. दोन्ही बदलण्याचा आग्रह असेल, तर दुसऱ्या बाजूचा दोष दाखवायला सांगा. पैसे वाचवायचे ते इथे, मजुरीत नव्हे. बेअरिंग प्रेस मशीनवर दाबूनच बसवलं पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग लवकर जातं आणि मजुरी पुन्हा पडते. जुना भाग परत मागून घ्या. विम्याची आशा धरू नका, झीज त्यात धरत नाहीत.

पैसे याच महिन्याच्या शिलकीतून द्या, ठेव मोडू नका. पुढच्या महिन्यापासून 6,000 ची रिकरिंग सुरू करा. अडीच वर्षांत व्याज सोडून 1 लाख 80 हजार होतात. 2029 मध्ये गाडीच्या नोंदणीची 15 वर्षं भरतील, तेव्हा नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर यांचा खर्च येईल. नवी गाडी घ्यायचा विचार त्या सुमारास करा. हातात डाउन पेमेंट असेल, कर्ज कमी लागेल.

गाडी जॅकवर असतानाच खालचा पत्राही तपासून घ्या. तो गंजून सडला असेल, किंवा इंजिन-गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं, तर आकडे घेऊन मला परत लिहा. मग हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.