सिकेल, सिसिलियन आणि एक लीत्रा

प्रश्न असा: प्राचीन भूमध्य समुद्रावरच्या एका स्ट्रॅटेजी गेमचं मराठीकरण करताना ‘सिसेल’ लोकांना ‘सिसिलियन आदिवासी टोळी’ म्हणावं का? आणि त्यांचं नाणं ‘लिट्रा’ दिलंय, ते ‘लिटर’ हवं होतं का?

‘सिसेल’ नको. ग्रीकांचे सिकेलोई, रोमनांचे सिकुली. दोन्हीकडे स्वच्छ ‘क’ असताना इंग्रजी स्पेलिंग बघून ‘स’ म्हणायची खोड कुठून लागली कोण जाणे. मराठीत सिकेल, सिकेलांचा, सिकेलांनी.

‘सिसिलियन’ त्याहून वाईट. सिसिली बेटाच्या पूर्वेला सिकेल, त्यांच्या पश्चिमेला सिकान, पार पश्चिमेला एलिमी, शिवाय ग्रीक आणि फिनिशियन. यातले सिसिलियन कोण? बेटावर वसलेल्या ग्रीकांना सिकेलिओते म्हणत. त्यातल्या शेवटच्या प्रत्ययाचं काम आपल्या ‘स्थ’चंच की: कोकणस्थ, देशस्थ, तसे सिसिलीस्थ ग्रीक. सिकेल आणि सिकेलिओते दोघांना एकच नाव दिलंत तर सिकेलांचा पुढारी दुकेतिओस (‘ड्युसेटियस’ नव्हे) सिराक्यूज या सिसिलीतल्याच शहराच्या ग्रीकांशी लढताना स्वतःशीच लढतोय असं दिसेल.

‘आदिवासी’ही चूक. ग्रीकांच्या सुमारे ३०० वर्षं आधी हे लोक इटलीतून आले, असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो. ‘टोळी’ म्हटलं की दरोडेखोर आठवतात; दुकेतिओसने तर इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यास सिकेल नगरांचा संघ बांधला होता. ‘संघ’ लिहा.

आता लीत्रा. ‘लिटर’ची चूक? अहो, लिटरच लीत्राच्या पोटी जन्मलं! सिसिलीतलं हे वजन आणि तेवढ्या वजनाच्या ब्राँझच्या किमतीचं, एक ग्रॅमहून हलकं चांदीचं नाणं. हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून फ्रेंचांकडे गेला, त्यावरून ‘लित्रों’ हे धान्याचं माप झालं आणि १७९५च्या दशमान कायद्यात त्याचं ‘लित्र’. आपण दूध मोजतो ते त्यानेच.

नाण्यांचे काही जाणकार लीत्राला ग्रीक शब्द ठरवून मोकळे होतात. मग अथेन्सचा हिशेब सहा ओबोलांच्या द्राख्मात (दोन्ही ग्रीक नाणी) आणि सिसिलीचा बारा भागांत का? बाराची वाटणी इटलीची. लीत्राचा बारावा भाग ओंकिया, लॅटिनमध्ये उंकिया; त्यातूनच औंस आणि इंच दोन्ही निघाले. दुसरे म्हणतात, लॅटिन ‘लीब्रा’वरून उचलला. तेही नाही! लॅटिनमध्ये शब्दाच्या मधल्या जुन्या ‘थ्र’चा ‘ब्र’ होतो. आपलं रुधिर, ग्रीक एरुथ्रोस (तांबडा) आणि लॅटिन रुबेर ही एकाच घरची भावंडं, ‘ब’ फक्त लॅटिनचा. रोमकडून घेतला असता तर बेटावरही ‘ब’ आला असता. आला ‘त’. म्हणजे शब्द लॅटिनच्या सख्ख्या पण वेगळ्या बहिणीचा, आणि पूर्व सिसिलीत तशी बहीण सिकेल भाषाच. निदान मी तरी दुसरीकडे बोट दाखवणार नाही. तूळ राशीचं लॅटिन नाव लीब्रा, ती याच लीत्राची जुळी.

तेव्हा ‘ट्रा’ काढून ‘त्रा’ करा, पण शब्द ठेवा. १२ ओंकिया म्हणजे १ लीत्रा, ५ लीत्रा म्हणजे सिराक्यूजचा १ द्राख्मा. तिन्हींना ‘नाणी’ म्हणाल तर खजिन्यातली बेरीज खेळणाऱ्याला कधीच जुळणार नाही.