स्टेपर मोटर थरथरते, पण फिरत नाही

प्रश्न : छायाचित्रे काढताना वस्तू सावकाश फिरवणारी तबकडी आणि कॅमेरा पट्ट्याने वर-खाली करणारा हात, असे उपकरण मी घरी बनवत आहे. दोन्हींसाठी नेमा १७ आकाराच्या स्टेपर मोटरी (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या) आणि त्यांच्या वेटोळ्यांत प्रवाह सोडणारे ए४९८८ ड्रायव्हर घेतले आहेत. माहितीपत्रकात प्रत्येक वेटोळ्यासाठी १.५ अँपिअर आणि २ ओहम, म्हणजे ३ व्होल्ट, असे दिले आहे. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर मोटर नुसती थरथरते. ३ व्होल्टचा वीजपुरवठा घ्यावा का? चार वेटोळ्यांसाठी तो ६ अँपिअरचा लागेल का? मोटर थांबलेली असतानाही तापते, हे खरे का?

उत्तर : ३ व्होल्टचा वीजपुरवठा घेऊ नये. १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा तयार, बंदिस्त एसएमपीएस (घरगुती विजेपासून स्थिर डीसी देणारा वीजपुरवठा) आपल्याला पुरेल. वेटोळ्याला अखंड ३ व्होल्ट दिले तर त्यातून १.५ अँपिअर वाहतील, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. मोटर फिरू लागली की वेटोळ्यातला प्रवाह सारखा उलटसुलट होतो आणि दर वेळी तो नव्याने चढावा लागतो. समजा, वेटोळ्याचे प्रवर्तन, म्हणजे प्रवाहातील बदलाला होणारा त्याचा विरोध, ४ मिलिहेन्री आहे. तर ३ व्होल्टवर २ मिलिसेकंदांनंतरही प्रवाह जेमतेम ०.९५ अँपिअरवर पोहोचतो, आणि १२ व्होल्टवर पूर्ण १.५ अँपिअर सुमारे ०.६ मिलिसेकंदांत मिळतात. एका फेरीत २०० पावले टाकणारी मोटर सेकंदाला तीन फेऱ्या करत असेल, तर एका पावलाच्या वाट्याला १.७ मिलिसेकंदही येत नाहीत. म्हणून कमी विद्युत दाबावर (व्होल्टेजवर) प्रवाह चढण्याआधीच पुढचे पाऊल येते आणि मोटरीचा जोर ओसरतो. प्रवाह ड्रायव्हरवर लावलेल्या मर्यादेपुढे जाऊ लागला की ड्रायव्हर दाब क्षणभर तोडतो, त्यामुळे १२ व्होल्टने मोटर जळत नाही.

आपल्या थरथरीचे कारण मात्र बहुधा याहून साधे आहे. ए४९८८ला मोटरीच्या बाजूने किमान ८ व्होल्ट लागतात, त्यामुळे ५ व्होल्टवर तो नीट चालेल अशी अपेक्षाच ठेवता येत नाही. तरीही तारांच्या जोड्या एकदा पाहून घ्याव्यात. मोटर ड्रायव्हरपासून सोडवून तिचा दांडा बोटांनी फिरवत राहावा आणि चारपैकी दोन-दोन तारांची टोके एकमेकींना टेकवून पाहावीत. ज्या दोन तारा टेकताच दांडा एकदम जड होऊन अडखळत फिरू लागतो, त्या एकाच वेटोळ्याच्या. एका जोडीची तार दुसऱ्या जोडीत गेलेली असेल, तर कितीही चांगल्या वीजपुरवठ्यावर मोटर थरथरतच राहील.

अँपिअरचा हिशेब वॅटमध्ये करावा. १.५ अँपिअरला एका वेटोळ्यात ४.५ वॅट खर्च होतात, म्हणजे एका मोटरीत ९ आणि दोन मोटरींत १८ वॅट. १२ व्होल्टवर हे दीड अँपिअर भरतात. प्रत्यक्ष फिरवण्याचे काम आणि ड्रायव्हरमधला व्यय उरलेल्या दीड अँपिअरमध्ये सहज बसतो.

मोटर चालवण्यापूर्वी ड्रायव्हरवरील बारीक स्क्रूने प्रवाहाची मर्यादा लावणे अत्यावश्यक आहे. ड्रायव्हरवर उष्णताशोषक (हीट सिंक) नसेल तर ती १ अँपिअरवर ठेवावी. बोर्डवरील प्रवाह मोजणारा संवेदक रोध ०.१ ओहमचा असल्यास त्यासाठी संदर्भ दाब, म्हणजे या स्क्रूने बदलणारा दाब, ०.८ व्होल्ट हवा. काही बोर्डांवर हा रोध वेगळा असतो, म्हणून तो आधी वाचावा. ड्रायव्हरच्या वीजपुरवठ्याच्या टोकांना अगदी लागून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ध्रुव पाहून जोडावा, आणि वीज चालू असताना मोटरीची तार कधीही काढू नये. ड्रायव्हर जळण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

थांबलेली मोटर तापते, हे खरे आहे, कारण जागा धरून ठेवण्यासाठी तिच्यातून प्रवाह चालूच असतो. तबकडी थांबल्यावर ड्रायव्हरच्या इनेबल पिनने (मोटरीचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या टोकाने) तिचा प्रवाह बंद करता येईल. कॅमेऱ्याच्या हाताच्या मोटरीला मात्र ही सवलत देऊ नये. पट्ट्यावर लटकलेला कॅमेरा प्रवाह जाताच खाली घसरेल.