कूस ‘उजवली’ की ‘उजळली’?

प्रश्न असा आला आहे: “एका कथेत ‘तिची कूस उजवली’ असं वाचलं. हे ‘उजळली’ हवं ना? की उजव्या हाताशी काही संबंध आहे?”

‘उजवली’च बरोबर. उजव्या हाताचा इथे संबंध नाही. हे क्रियापद ‘उद्यापन’वरून आलं. ‘द्य’चा ‘ज’ होतो (अद्य–आज, विद्युत्–वीज), ‘प’चा ‘व’ होतो (दीप–दिवा). गुजरातीतही व्रताच्या उद्यापनाला ‘उजवणुं’ म्हणतात. ‘कूस’ आली ‘कुक्षि’वरून. ‘उजळली’ ही मागाहून झालेली गल्लत; उजेड पडला असं वाटतं, म्हणून ती खपून जाते.

खरी गंमत पुढे आहे. मराठीत तीन गोष्टी उजवतात: व्रत, मुलगी आणि कूस. लग्नानंतर पाच वर्षं मंगळागौर पुजायची आणि मग उजवायची. बापानं मुलगी उजवली, म्हणजे तिचं लग्न लावून दिलं. आणि कूस उजवली, म्हणजे मूल झालं. तिन्हीकडे अर्थ एकच, हाती घेतलेलं तडीस जाणं. आता कर्ता बघा. मुलगी उजवतो तो बाप. कूस आपली आपण उजवते, बाई तिथे षष्ठीत: ‘तिची’. ती स्वतः कर्ता असते ती फक्त व्रतात, आणि तेही बहुधा नवऱ्यासाठी नाहीतर मुलांसाठी!

कूस उजवली नाही तर ‘वांझ’ (वंध्या–वांझ, संध्या–सांजसारखं). हा शब्द बाईला लागतो, म्हशीला लागतो, झाडाला लागतो, ‘वांझोटी चर्चा’ही होते, नवऱ्याला मात्र सहसा कुणी वांझ म्हणत नाही. त्याच्यासाठी सभ्य, संस्कृत वळणाचा ‘निपुत्रिक’ आहे. दुसऱ्या टोकाला ‘लेकुरवाळी’. लग्नात हळदीसाठी फाटे फुटलेलं हळकुंड शोधतात, तेही लेकुरवाळंच.

आमच्या घरात ओटी भरायची वेळ आली की आजी हाक मारायची, “लेकुरवाळीला पुढे करा गं!” मग धाकटी काकू पुढे व्हायची. मोठी काकू तांदूळ निवडून, नारळ सोलून, तबक तयार करून द्यायची आणि दारापाशी उभी राहायची. तिला कुणी वांझ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्या हाकेतच ते येऊन जायचं.