'ताण' आणि 'संतान'

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, पुरुष-वंध्यत्वावरील व्याख्यानात त्यांनी 'हीट शॉक प्रोटीन्स'साठी ऐकलेला 'उष्माघात प्रथिने' हा शब्द बरोबर आहे काय.

मुळीच नाही, आणि तो वारंवार कानी पडतो याचा मला खेद वाटतो. उष्माघात होतो तो मे महिन्यात मालेगावच्या उन्हात राबणाऱ्या माणसाला. १९६२ साली इटालियन आनुवंशशास्त्रज्ञ रितोसा यांना फळमाशीच्या अळीच्या गुणसूत्रांवर उष्णतेमुळे आलेले फुगवटे दिसले आणि पुढे सापडलेल्या या प्रथिनांना उष्णतेचे नाव कायमचे चिकटले. प्रत्यक्षात ती इतर प्रथिनांच्या घड्या नीट बसवतात, बिघडलेल्या सावरतात आणि उष्णतेखेरीज अन्य ताणांतही पेशीचे रक्षण करतात. याच कुळातले एचएसपीए२ नावाचे प्रथिन तर वृषणात कोणत्याही आघाताविना, शुक्राणू घडण्याच्या नित्यक्रमातच तयार होते. या कुळाला 'ताणरक्षक प्रथिने' म्हणावे.

ताण मनाचा असतो, येथे 'स्ट्रेस'साठी यंत्रशास्त्रातला 'प्रतिबल' हा शब्द हवा, असे सांगणाऱ्या परिभाषातज्ज्ञांशी मी स्पष्टपणे असहमत आहे, कारण त्यांनी शब्दाचे मूळच पाहिलेले नाही. येवल्याचा पैठणी विणकर मागावर जे उभे धागे ओढून बसवतो त्यांना ताणा म्हणतात. हा ताण धाग्याचा आहे. 'तन्' म्हणजे ओढून लांबवणे, पसरवणे. त्यातूनच तंतू आला, गायकाची तान आली, आणि तनय, संतती, संतान हे शब्दही त्यातूनच आले. वंश म्हणजे पुढे पुढे ओढला जाणारा धागा, म्हणून उपनिषदात 'प्रजातंतू' हा शब्द येतो. ताण आणि संतान ही एकाच धातूची लेकरे आहेत!

हा निव्वळ योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही. १९९६ साली एचएसपीए२ या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : माद्यांना पिले होत होती, नर मात्र वंध्य होते. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनात, जोडीने चिकटलेली गुणसूत्रे त्या नरांत सुटी होत नव्हती आणि शुक्राणू बनण्याआधीच पेशी मरत होत्या. गुणसूत्रातले सूत्र म्हणजेही धागाच. तो वेळेवर सुटला नाही की प्रजातंतू तुटतो.

राहिला प्रश्न उष्णतेचा. वृषणाचे तापमान शरीराहून सुमारे २ ते ४ अंश सेल्सिअस कमी असावे लागते. ते वाढले तर शुक्राणुनिर्मिती बिघडते. त्या वाढीला 'उष्णतेचा ताण' म्हणावे, उष्माघात नव्हे.