वह्यांवरच्या तारखा

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. धाकट्या भावाची शाळा यंदा वेळेत पूर्ण होईल असे दिसत नाही, आई-वडील त्याच्याशी धड बोलत नाहीत आणि तोही खोलीचे दार लावून बसतो, हे वाचून जीव कळवळला. तो अजून तुझे ऐकतो, म्हणून हे तुलाच लिहितो आहे.

त्याला समजावण्याआधी, त्याची परवानगी घेऊन, त्याच्या सगळ्या वह्या समोर घे आणि पानांवरच्या तारखा बघ. माझ्या एका विद्यार्थ्याच्या पाचही वह्या एकाच आठवड्यात थांबल्या होत्या. पुढे नुसती समास आखलेली कोरी पाने. सगळे त्याला आळशी म्हणत. त्या आठवड्यात काय झाले, असे मी विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की वडिलांची नोकरी सुटल्यापासून घरात रात्री उशिरापर्यंत भांडणे चालतात आणि सकाळी त्याला जागच येत नाही. एकच वही कोरी असेल तर अडचण बहुधा त्या विषयाची असते. सगळ्याच एकदम थांबल्या असतील, तर कारण अभ्यासाबाहेर शोधावे लागते. कधी फळ्यावरचे नीट दिसत नसते, कधी वाचनाची अडचण लहानपणापासून असूनही कोणाच्या लक्षात आलेली नसते, कधी मन खचलेले असते. जगणे नकोसे झाल्याचे तो बोललाच, तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे ने.

त्यानंतर त्याला सोबत घेऊन शाळेत जा. त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलणे मला कधीच पटलेले नाही. कोणते विषय राहिले, कोणते प्रकल्प द्यायचे आहेत, पुरवणी परीक्षा केव्हा आहे, मुक्त शिक्षणाचा मार्ग खुला आहे का, परीक्षेत जादा वेळेची सवलत मिळू शकते का, हे सारे विचारून त्यालाच लिहून घेऊ दे. हजेरीचाही आकडा माग. महिन्याला दोन दिवस बुडाले तर कोणाला काही वाटत नाही, पण 180 दिवसांच्या शालेय वर्षात नऊ महिन्यांचे ते 18 दिवस, म्हणजे दहावा हिस्सा होतात. सगळेच हातातून गेले असे मानणाऱ्या मुलाला आपल्याच अक्षरात तीन विषय आणि दोन प्रकल्प एवढेच दिसले, की तो पहिल्यांदा प्रश्न विचारू लागतो.

वेळापत्रक मात्र जागरणाचे करू नकोस. या वयात झोपेची वेळ निसर्गतःच उशिरा सरकते आणि 8 ते 10 तासांची झोप लागतेच.

आई-वडिलांना एकच विनंती कर, की ‘वर्ष वाया गेले’ हे शब्द घरात उच्चारू नका. एक वर्ष जास्त लागल्याने फारसे बिघडत नाही. सोबतचे पुढे गेले, आता कोणत्या तोंडाने वर्गात बसू, या लाजेपोटी मुले शाळा कायमची सोडतात, त्याची मला खरी धास्ती वाटते. म्हणून त्याच्या मित्रांचा निकाल लागेल त्या दिवशी रजा काढ आणि घरी थांब. तो बोलला नाही तरी चालेल.