बाईंना विचारा : व्हॅन रस्त्यापलीकडे थांबते

प्रश्न : बाई, माझी मुलगी दुसरीत आहे. आम्ही वडाळा-पाथर्डी रस्त्यालगत राहतो. शाळा सुटल्यावर व्हॅनवाले काका तिला रस्त्याच्या पलीकडेच उतरवतात. आमच्या बाजूला यायचं तर पुढच्या चौकातून वळून यावं लागतं. मी बोलले, तर म्हणाले, ‘ताई, बाकीच्या पोरांना उशीर होतो.’ जास्त ताणलं तर सीट दुसऱ्याला देतील, ही भीती. शिवाय मधूनच त्यांच्या जागी कुणी अनोळखी मुलगा गाडी घेऊन येतो. काय करावं?
– एक आई, पाथर्डी फाटा

उत्तर : आधी उद्याचं बघू. व्हॅन यायच्या वेळी तुम्ही किंवा घरातलं कुणी मोठं माणूस पलीकडे जाऊन उभं राहा. आपल्या फाटकातून ‘ये गं’ म्हणून हाक मारू नका. हाक ऐकली की पोर रस्ता बघत नाही, आईकडे बघत सुटतं.

दुसरीतल्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा नीट अंदाज येत नाही. त्यात उंची एवढीशी. थांबलेल्या व्हॅनच्या पुढून ती निघाली, तर मागून ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीवाल्याला ती अगदी शेवटी दिसते. बोनेटला लागून गेली तर खुद्द काकांनाही दिसत नाही. मी मुख्याध्यापिका असताना शाळा सुटली की फाटकाशी उभी राहायची. काळजाचा ठोका चुकावा असे प्रसंग पाहिले, ते बहुतेक चढता-उतरतानाचे.

आता काका. एकट्याने वाद घालू नका. तुमच्या बाजूला उतरणारी आणखी मुलं असतीलच. त्यांच्या आयांना घेऊन एकत्र बोला. एक सीट गेली तर काकांना फरक पडत नाही, चार गेल्या तर पडतो. मग चौकातून वळून यायला वेळ मिळतो! तेवढ्याने भागलं नाही तर शाळेत जा. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. ‘व्हॅन तुम्ही ठरवलीत, आमचा संबंध नाही,’ असं ऑफिसात ऐकवतील. समितीच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार टेबलावरच विरते.

जाता जाता व्हॅनची नंबरप्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची परवानाधारक गाडी. पांढरी पाटी असेल तर ती खाजगी गाडी भाड्याने चालवताहेत, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. अशा गाडीतली सीट जाण्याची भीती बाळगण्यात अर्थ नाही. दुसरी व्हॅन शोधा.

बदली ड्रायव्हरबद्दल मी मुळीच सवलत देणार नाही. आदल्या दिवशी फोन आणि नाव-नंबर आला नाही, तर मुलगी त्या गाडीत बसणार नाही, हे काकांना स्पष्ट सांगा. मुलीलाही सांगा : काका दिसले नाहीत तर फाटकाबाहेर थांबायचं नाही, परत आत जाऊन बाईंजवळ किंवा शिपाईमामांजवळ बसायचं. ‘आईनेच पाठवलंय’ असं कुणी म्हणालं तरी. आणि ती अचानक व्हॅनने जायला नको म्हणू लागली, तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणण्याआधी कुठे बसवतात, कुणाजवळ बसवतात, ते शांतपणे विचारा. काही वावगं कळलं तर १०९८ वर फोन करा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालते.

एक बारीकसं, तुम्ही विचारलं नसलं तरी. नाशिकची थंडी पडली की पोरांना माकडटोपी चढते. त्यावर जॅकेटची टोपी. मग ना हॉर्न धड ऐकू येतो, ना बाजूची गाडी दिसते. रस्त्याशी असेपर्यंत कान मोकळे ठेवा. टोपी व्हॅनमध्ये बसल्यावर घालता येते. दप्तराला मागून रेडियमची पट्टीही चिकटवून घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळते.