पिक केलेल्या वेळा स्टॅटिक म्हणून लावल्यावर इव्हेंट सपाट व्हायचं सोडून दुप्पट तिरका का झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोअरहोलचा झीरो-ऑफसेट व्हीएसपी (व्हर्टिकल सिस्मिक प्रोफाइल) डेटा आहे, म्हणजे लहर सोडणारा सोर्स विहिरीच्या तोंडाशी आणि ती टिपणारा जिओफोन विहिरीत. तुम्ही फर्स्ट ब्रेक पिक केले, म्हणजे प्रत्येक ट्रेसवर (एका जिओफोनच्या नोंदीवर) पहिली लहर पोचल्याची वेळ टिपली, त्या वेळा सिस्मिक युनिक्स (एसयू) या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅटिक म्हणून, म्हणजे अख्खा ट्रेस सरकवणारी वेळ म्हणून, लावल्या, आणि फर्स्ट ब्रेकची रेघ आडवी यायची ती आधीपेक्षा तिरकी झाली. ‘माझं पिकिंग चुकलं का?’ असं विचारलंय.

पिकिंग बहुधा ठीक आहे. चिन्ह उलटं लागलंय. पण ते सेक्शन लगेच डिलीट करू नका, मोठं करून नीट बघा. तिरक्या रेघांच्या मागे काही फिकट इव्हेंट चक्क आडवे पडलेले दिसतील. ते तुमचे रिफ्लेक्शन आहेत, म्हणजे खालच्या थरांवरून परत फिरलेल्या लहरी. व्हीएसपीमध्ये हे उलटं चिन्हही लावायचंच असतं, फक्त दोन पायऱ्यांनंतर.

आकडे घेऊन बघू. कोयना परिसरात २०१७ साली ३ किलोमीटरचा पायलट बोअरहोल पूर्ण झाला, त्यात बेसॉल्ट साधारण सव्वा किलोमीटर जाड निघाला आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइस. समजा अशाच विहिरीत आपण जिओफोन सोडलाय, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून बेसॉल्टमधला वेग सरसकट ५००० मीटर प्रति सेकंद धरू. ४०० मीटरवरच्या जिओफोनला फर्स्ट ब्रेक ८० मिलिसेकंदांना मिळेल, ६०० मीटरवरच्याला १२० ला. बेसॉल्टचा तळ १२५० मीटरवर, तिथवर लहर जायला २५० मिलिसेकंद. तिथून परत फिरलेली लहर ६०० वाल्याकडे ३८० ला पोचेल आणि ४०० वाल्याकडे ४२० ला. वर जाणारी लहर खोल जिओफोनला आधी भेटते, म्हणून तिचा उतार उलटा.

आता प्रत्येक ट्रेसमध्ये त्याचीच पिक केलेली वेळ मिळवा. ४२० अधिक ८०, पाचशे. ३८० अधिक १२०, पाचशे. रिफ्लेक्शन आडवं झालं, तेही थेट टू-वे टाइमवर (जमिनीपासून थरापर्यंत जाऊन परत यायची वेळ). फर्स्ट ब्रेक मात्र ८० चा १६० आणि १२० चा २४० झाला. आधी दोघांत ४० चा फरक होता, आता ८० चा. तुम्हाला दिसलेला दुप्पट उतार हाच. वजा केलं असतं, तर दोन्ही फर्स्ट ब्रेक शून्यावर येऊन डाउनगोइंग (खाली जाणारी) लहर सपाट झाली असती. तुम्हाला आत्ता तेच हवंय.

आत्ताच का, तर डाउनगोइंग लहर इतकी दांडगी असते की तिच्याखाली अपगोइंग (वर येणारी) दबून जाते. म्हणून आधी वजा करून डाउनगोइंग सपाट करायची, मग ट्रेसना आडवा मीडियन फिल्टर (शेजारच्या ट्रेसमधली मधली किंमत घेणारा) लावायचा. मी ११ ट्रेसपासून सुरुवात करतो. जे सपाट आहे ते फिल्टरमधून टिकतं, तिरकं ते गळतं. हा निकाल सपाट डेटातून वजा केला की हातात अपगोइंग उरते. त्यानंतर पिक एकदा मिळवली की मूळ वेळेवर, दुसऱ्यांदा मिळवली की टू-वे टाइमवर. मी हे दोन वेळा करत नाही. दुप्पट वेळ एकदाच मिळवतो, कारण दर शिफ्टला इंटरपोलेशन होतं आणि वरच्या फ्रिक्वेन्सी थोड्या थोड्या झिजतात.

कोणतं चिन्ह म्हणजे ‘वर’ हे पुस्तकातून पाठ करू नका, दर सॉफ्टवेअरचा संकेत वेगळा. पाच मिनिटांची चाचणी पुरते: एकच ट्रेस, मधोमध एक स्पाइक, हेडरमध्ये (ट्रेसच्या माहितीच्या रकान्यांत) २० मिलिसेकंद. चालवा आणि स्पाइक कुठे गेला ते बघा. एसयू-स्टॅटिकमध्ये दिशा उलटवायला चिन्हाचा पॅरामीटर आहेच.

एककाची भानगड तुमच्या बाबतीत झालेली नाही, कारण डेटा हलला तरी. पण मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. एसयू-एक्सइमेजमध्ये चित्रावर माउस नेऊन ‘एस’ दाबलं की पिक साठते ती सेकंदांत. हेडरमधला टीस्टॅट, म्हणजे स्टॅटिकचा रकाना, हा मिलिसेकंदांचा पूर्णांक. ०.४१२ तसंच तिथे टाकलं तर होतं शून्य. मग माणूस तासभर ‘स्टॅटिक लागतच नाही’ म्हणत बसतो. हजाराने गुणा. त्यावर अपूर्णांकही वाचवावा म्हणून कोणी मायक्रोसेकंदच भरायला जातो, तर तो रकाना १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढे जातच नाही. म्हणजे ३३ मिलिसेकंदांतच खेळ खलास.

बरं, पूर्णांकामुळे जी अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत चूक होते तिचं काय? ६० हर्ट्झला अर्धा मिलिसेकंद म्हणजे साधारण ११ अंशांची फेज, चालून जातं. इंजिनिअरिंगच्या उथळ कामात ३०० हर्ट्झ असेल तर तीच चूक ५४ अंशांची, तिथे नाही चालणार. तेव्हा हेडरचा नाद सोडून पिक फाइल सेकंदांत ठेवायची आणि ट्रेस शिफ्ट करणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहायचा. वीस-तीस ओळींचं काम आहे.

आता माझी फजिती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका व्हीएसपीवर मी अगदी मन लावून पिकिंग केलं होतं. (‘पिकं काढली का?’ असं सरांनी सगळ्यांसमोर विचारलं की शेजारच्या अकाउंट्सवाल्यांना आम्ही शेतकीखात्याचे वाटायचो.) पिक फाइल खोलीच्या चढत्या क्रमाने लावली: ५० मीटर, ६०, ७०. छान दिसत होती. ती हेडरमध्ये भरली आणि सपाट व्हायच्या जागी फर्स्ट ब्रेकची रेघ भलत्याच उताराने आली. चिन्ह बदललं, तर रेघ झाली एकदम सपाट! मी खूश. मीडियन लावला, पुढे गेलो. तीन दिवसांनी टू-वे टाइमवरचं सेक्शन सोनिक लॉगशी (विहिरीत मोजलेल्या वेगाच्या नोंदीशी) जुळवायला बसलो तर एकही रिफ्लेक्टर जागेवर नाही. सरांनी एकच प्रश्न विचारला: ‘टूल वर येताना शूट केलंय ना?’

केलं होतं. व्हीएसपीत जिओफोनचं टूल आधी तळाला नेतात आणि वर ओढत ओढत एकेका खोलीला थांबून रेकॉर्ड करतात. त्यामुळे डेटातला पहिला ट्रेस सगळ्यात खोलचा होता आणि माझ्या फाइलची पहिली ओळ सगळ्यात उथळ. मी अख्खी विहीर उलटी टांगली होती. वेग जवळपास एकसारखा असल्यामुळे उलट क्रमाला उलटं चिन्ह लागलं आणि दोन चुकांनी मिळून सपाट रेघ काढून दिली. फक्त ती शून्याऐवजी ५०० मिलिसेकंदांच्या आसपास होती, आणि ते मी ‘काहीतरी डिले असेल’ म्हणून सोडून दिलं होतं. तेव्हापासून पिक फाइलमध्ये नुसत्या वेळा ठेवत नाही. प्रत्येक ओळीत खोली आणि वेळ दोन्ही, आणि जोडणी ओळक्रमाने नाही, खोलीने.

सपाट करताना फर्स्ट ब्रेक अगदी शून्यावर आणला तर वेव्हलेटची (लहरीच्या ठोक्याची) सुरुवात वरून कापली जाते. मी सगळ्यांना १०० मिलिसेकंदांवर आणतो आणि परत नेताना ते १०० हिशेबात धरतो. रेकॉर्डच्या शेपटीला आधीच शून्यं जोडून ठेवा. सगळ्यात खोलची पिक ६०० मिलिसेकंदांची असेल तर निदान तेवढी जागा खाली हवी, नाहीतर टू-वे टाइमवर नेताना खालचे रिफ्लेक्शन ट्रेसबाहेर पडतील.

सोर्स विहिरीपासून किती लांब होता तेही बघा. ६० मीटर लांब असेल, तर ८० मीटर खोलीवरच्या जिओफोनपर्यंतचा तिरका रस्ता १०० मीटरचा. सपाट करायला पिक केलेली वेळच वापरायची, पण टू-वे टाइमसाठी उभी वेळ हवी, म्हणजे या जिओफोनला पिकच्या ०.८ पट. १००० मीटरखाली हा फरक नगण्य.

पिक गुळगुळीत करायचा मोह आवरा. १० मीटर अंतरावरचे दोन जिओफोन घ्या, ५००० च्या वेगात त्यांच्यात फक्त २ मिलिसेकंदांचा फरक. एक पिक १ मिलिसेकंदाने सरकली की तोच वेग ३३३३ किंवा १०००० येतो. म्हणून इंटरव्हल व्हेलॉसिटी (दोन जिओफोनमधला वेग) काढून बघणं ही पिकिंगची सगळ्यात कडक तपासणी. पण दोन लाव्हा प्रवाहांमधला रेड बोलचा लाल थर किंवा सच्छिद्र बेसॉल्टही वेग खाली आणतो. तो खरा असतो, स्मूदिंगमध्ये पुसला जातो. आधी त्या ट्रेसवर परत जाऊन बघा, पहिला किक पिक केलाय की पुढचा ट्रफ (लहरीतली दरी). एकच काहीतरी ठरवून शेवटपर्यंत तेच पिक करायचं.

एक मात्र ध्यानात घ्या, ‘पिक म्हणजेच स्टॅटिक’ हे व्हीएसपीपुरतं. जमिनीवरच्या रिफ्लेक्शन डेटात तसं करू नका. तिथे ४ मीटर काळी माती ४०० च्या वेगाने १० मिलिसेकंद खाते, तिच्या जागी २००० चा वेग धरला तर २ लागतात, म्हणून करेक्शन उणे ८. फर्स्ट ब्रेकवरून हा आकडा काढावा लागतो, फर्स्ट ब्रेक स्वतः तो आकडा नसतो. आणि एखादा होरायझन (थराची रेघ) पिक करून तोच स्टॅटिक म्हणून लावलात, तर थरातली खरी घडीसुद्धा इस्त्री होऊन जाईल.

तुम्ही आता चिन्ह उलटून, १०० ची जागा ठेवून परत चालवा. रेघ सपाट येईल, पण ती १०० वरच आलीये का ते बघा. दुसरीकडे कुठे आली असेल तर ऑब्झर्व्हरच्या (रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या) वहीत पहिली नोंद कितव्या मीटरची आहे ते काढून इथे कळवा.